मंगळवारचं कार्ड

गुरुवार, सकाळचे सव्वासात

तीर्थस्वरूप दादांस,

तुमच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा नमस्कार. (साष्टांग लिहिणार होतो; पण आठ दिवस कंबर धरली आहे, आणि जे अंगाला जमत नाही ते कागदावर करून दाखवणं माझ्या तत्त्वात बसत नाही. तेव्हा कमरेपर्यंतचाच गोड मानून घ्या.) तुमचा उजवा गुडघा कसा आहे? मागच्या पत्रात तुम्ही ‘बराच बरा’ असं लिहिलंत. बराच म्हणजे किती? गेल्या वर्षी तुम्ही अकराव्या पायरीला थांबत होतात. आता कितव्या पायरीला थांबता ते आकड्यात कळवा. वहिनींना दिवसातून किती वेळा खोकला येतो, तेही. शब्दांवर माझा विश्वास पहिल्यापासून कमी, आणि गेल्या शनिवारपासून आकड्यांवरचाही उडत चालला आहे. त्याचीच हकीकत सांगायला बसलो आहे. चहा झाला नसेल तर आधी घेऊन या, कारण पत्र लांबणार आहे.

इकडे सर्व क्षेम असं लिहायची पद्धत आहे. पण क्षेम काहीही नाही. तुमची बहीण ठणठणीत आहे, किंबहुना गेल्या पंचवीस वर्षांत इतकी खुशीत मी तिला पाहिलेली नाही, आणि हेच माझ्या संतापाचं एक कारण आहे. तिच्या कागद जपण्याच्या खोडीबद्दल मी तुम्हाला पूर्वी लिहिलं होतं. ही खोड तिनं माहेरून आणली. तुमच्या हॉलमधला पंखा जळून नऊ वर्षं झाली, तरी त्याचं हमीपत्र तुम्ही अजून कपाटात घडी घालून ठेवलं आहे हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. तिचंही तसंच. बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा आहे, आणि त्यात दोऱ्याच्या रिळापासून चपलेपर्यंत सगळ्याच्या पावत्या. मी तिला नेहमी म्हणत आलो की ज्याचं डोकं जागेवर आहे त्याला डबा लागत नाही. (हे वाक्य लक्षात असू द्या. ते पुढे माझ्याच अंगावर येणार आहे.)

आता मुद्द्याकडे येतो. मी वजनकाटे दुरुस्त करणारा माणूस. या शहरातल्या वाण्यांची, रद्दीवाल्यांची, सोनारांची पारडी माझ्या हाताखालून गेली. पुढे बॅटरीवरचे काटे आले आणि माझं दुकान ओस पडलं. (तो काटा बिघडला की लोक दुरुस्तीला आणत नाहीत, त्याला दोन थपडा मारतात.) पण मी हात बांधून बसलो नाही. रद्दीतून पुस्तकं आणली. सरासरी, शेकडेवारी, निर्देशांक हे सगळं कोणाही मास्तरला न विचारता एकट्यानं शिकलो, आणि सव्वा वर्षापूर्वी सांख्यिकी कार्यालयात किंमत-नोंदणीच्या अर्धवेळ कामाला लागलो. काम असं, की बाहेर जेवण्याचा खर्च महिन्यागणिक किती वाढला ते मोजायचं. आमच्या भागातली पाच हॉटेलं ठरवून दिलेली. नावं गुप्त, म्हणून त्यांना क्रमांक. दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी तिथं जायचं आणि तोच पदार्थ, तेवढाच, तसाच, कितीला मिळतो ते तक्त्यात भरायचं. टोमॅटो सूप, आम्लेट, तळलेले बटाट्याचे काप, कॉफी. चारच पदार्थ. ऐकायला सोपं वाटतं. एका हॉटेलातलं आम्लेट मागच्या महिन्यात तीन अंड्यांचं होतं आणि या महिन्यात अडीच अंड्यांचं, भाव मात्र तोच, हे पकडून दाखवा म्हणजे कळेल सोपं काय असतं ते.

म्हणून मी नियमात नव्हतं तरी स्वतःच्या पिशवीत छोटा वजनकाटा ठेवायला लागलो. सोबत सुपासाठी मापाचा पेला, तापमापक आणि एक पट्टी. (काप किती बोटं लांब यावर पुष्कळ अवलंबून असतं.) छातीवर कार्यालयाचा बिल्ला लावून मी बरोबर अकरा वाजता आत जाई, खिडकीजवळच्या टेबलावर काटा मांडी, आम्लेट तोली, आणि कमी भरलं तर मालकाला बोलावून दोन शब्द ऐकवी. पहिल्या दोन महिन्यांतच फरक दिसू लागला. मी दारात दिसलो की गल्ल्यावरून भटारखान्याकडे आरोळी जाई, “वजनवाले आले!” आणि आत एकदम धावपळ सुरू होई. मला वाटे, काय हा मान! आम्लेट एकशे पासष्ट ग्रॅम, एक ग्रॅम इकडे की तिकडे नाही. सूप वाफाळतं. कॉफी काठोकाठ. आणि भाव जागचे हलत नाहीत. आम्लेट चाळीस, सूप तीस, काप पस्तीस, कॉफी वीस. चौदा महिने, पाच हॉटेलं, वाढ शून्य.

शून्य, दादा! सगळं शहर महागाईनं बोंबलत असताना माझ्या भागात शून्य. आमच्या पर्यवेक्षकानं (वय वर्षं अठ्ठावीस, मला ‘काका’ म्हणतो, मी त्याचा काका नाही) मला लेखी शाबासकी दिली आणि कायम नेमणुकीसाठी माझं नाव वर पाठवलं. मी चौकटीच्या कागदावर आलेख काढून स्वयंपाकघरात फ्रीजशेजारी चिकटवला. चौदा ठिपके आणि त्यांना जोडणारी एक सरळ आडवी रेघ. तुमच्या बहिणीनं तो भाजी चिरता चिरता पाहिला आणि म्हणाली, “छान आहे. मांजर निजल्यासारखा दिसतोय.” मी तिला निर्देशांक म्हणजे काय ते पाऊण तास समजावलं. ती मध्येच एकदा म्हणाली, “अहो, पण बाहेर खाणं हल्ली परवडत नाही म्हणतात.” मी म्हटलं, म्हणतात! म्हणणाऱ्यांनी मोजलंय का? त्यावर ती पुन्हा भाजी चिरू लागली. मी ते पटल्याचं लक्षण समजलो.

त्यातच आमच्या शेजारच्या बसचालकाचं प्रकरण. हा माणूस रोज संध्याकाळी जिन्यात बसून बूट काढतो आणि तोंडानं आग ओकतो. कामावर असताना त्याला जो जेवणभत्ता मिळतो तो म्हणे या बाहेर खाण्याच्या निर्देशांकावर ठरतो, आणि आमच्या भागाच्या डेपोचा भत्ता सव्वा वर्षात एका दमडीनं वाढलेला नाही. मला ‘मिस्त्री’ म्हणतो. मी हल्ली काय करतो ते त्याला ठाऊक नव्हतं. म्हणाला, “मिस्त्री, ज्या शहाण्यानं हे आकडे लिहिलेत ना, तो मला एकदा भेटू दे. मारणार नाही. नुसता जेवायला घेऊन जाणार, आणि बिल त्याच्यापुढे सरकवणार.” मी त्याला समजावलं, की बाबा रे, आकडे लिहिणारा शास्त्रशुद्ध पद्धतीनं लिहीत असेल, तुझी चव महाग झाली असेल. यावर त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मी उरलेले जिने जरा भरभर चढलो.

आता शनिवार. आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली, हे तुम्ही तारेसारख्या चार ओळी पाठवून कळवलंतच. मी ठरवलं, यंदा हिला बाहेर जेवायला न्यायचं. सकाळीच कागद घेऊन हिशेब मांडला आणि तिला वाचून दाखवला. दोन सूप साठ, दोन आम्लेटं ऐंशी, काप एक प्लेट पस्तीस, दोन कॉफी चाळीस. एकूण दोनशे पंधरा. वर पाच टक्के आकस्मिक धरून आणि शिल्लक मोड सोडून सव्वादोनशे. तेवढेच खिशात घातले. जास्त पैसे बरोबर नेणं म्हणजे आपल्याच आकड्यांवर अविश्वास दाखवणं. हॉटेल निवडलं क्रमांक तीनचं, कारण तिथं पडदे आहेत. तिनं मात्र भलतेच आढेवेढे घेतले. “तिथं नको. आपण बागेत बसू, मी घरून काहीतरी करून नेते.” मग म्हणाली, “बरं, निदान जरा जास्त पैसे घ्या.” मग म्हणाली, “बरं, निदान तो काटा तरी घेऊ नका.” काट्याचं मी ऐकलं. (तिचं एवढंच ऐकलं, आणि सगळा घोटाळा तिथूनच झाला. काट्याऐवजी तिनं पैशांवर जोर द्यायला हवा होता की नाही, ते तुम्ही ठरवा.)

तर दुपारी साडेबाराला बिल्ला नाही, पिशवी नाही, इस्त्रीचा शर्ट घालून मी तुमच्या बहिणीसह क्रमांक तीनमध्ये शिरलो. आरोळी आली नाही. गल्ल्यावर मालक नव्हता, आणि वेटर नवा होता. त्यानं एक जाडजूड, गुळगुळीत कार्ड पुढे ठेवलं. मी असं कार्ड कधी पाहिलं नव्हतं. मला दर महिन्याला मिळायचं ते पातळ, कोपऱ्यावर कॉफीचा गोल डाग पडलेलं. यात आम्लेट पासष्ट! सूप पंचेचाळीस, काप साठ, कॉफी पस्तीस. मी चष्मा काढून पुसला. पुन्हा पासष्ट. मी वेटरला अत्यंत सभ्यपणे सांगितलं, की बाबा, तुझ्याकडून चुकून दुसऱ्या हॉटेलचं कार्ड आलंय. तो म्हणाला, “नाही हो काका, हेच कार्ड. आणखी एक जुनं आहे, पण ते मंगळवारचं. ते गल्ल्यात कुलपात असतं.”

मंगळवारचं! दादा, माझ्या कानशिलापासून टाचेपर्यंत एक कळ गेली. मी तिच्याकडे पाहिलं. ती पाण्याच्या पेल्यावरची नक्षी बघत होती, आणि तिच्या ओठांचे कोपरे हलत होते. तेवढ्यात आम्लेट आलं. काटा नव्हता, पण मला काटा लागत नाही. इतकी वर्षं मी हातानं वजन ओळखत आलोय. एकशे दहाच्या वर असेल तर मिशा उतरवीन. दोन अंडी, आणि तीही हात राखून फोडलेली. मी ते आम्लेट काट्या-चमच्यावर उचलून तोलत असतानाच मालक बाहेरून आला. त्यानं आधी आम्लेट पाहिलं, मग मला. त्याच्या तोंडचं पाणीच पळालं. “साहेब! आज? आज तर शनिवार!” असं म्हणत त्यानं गल्ल्याचं कुलूप उघडलं, डागाचं कार्ड आणून आमच्यापुढे ठेवलं, गुळगुळीत कार्ड स्वतःच्या शर्टात कोंबलं, आणि आत ओरडला, “वजनवाल्यांचं आम्लेट टाक रे, तीन फोड!” भर हॉटेलात. शेजारच्या टेबलावरचा एक लहान मुलगा आईला विचारू लागला, वजनवाले म्हणजे काय?

मी त्याला उभा केला आणि जाब विचारला. तो म्हणाला, “साहेब, तुम्ही बिल्ला लावून येता, वजन करता, मालकाला झापता, भाव लिहून नेता. आम्हाला काय वाटणार? भाव वाढवला की दंड बसणार.” मी म्हटलं, अरे मूर्खा, मी फक्त लिहून घेतो. तो म्हणाला, “दंड करणारेही आधी लिहूनच घेतात साहेब.” त्यानं पैसे घ्यायला साफ नकार दिला. मी म्हटलं, फुकट खाईन तर तोंड दाखवणार नाही. गुळगुळीत कार्डाप्रमाणे बिल कर. त्यानं केलं. साडेतीनशे, वर दहा टक्के सेवा आकार पस्तीस, एकूण तीनशे पंच्याऐंशी. सेवा आकार हा प्रकार तर मंगळवारी अस्तित्वातच नसतो! म्हणजे एकूण वाढ एकोणऐंशी टक्के, आणि माझ्या आलेखावर निजलेलं मांजर.

खिशात सव्वादोनशे. कमी पडले एकशे साठ. मी बिलाकडे आणि मालक माझ्याकडे बघत असताना तुमच्या बहिणीनं पर्स उघडली आणि एक शंभराची, एक पन्नासची आणि एक दहाची अशा तीन नोटा टेबलावर ठेवल्या. घडी घालून, आधीच वेगळ्या काढून ठेवलेल्या. मोड नाही, शोधाशोध नाही. बिल मात्र तिनं उचललं, नीट दुमडलं आणि पर्सच्या आतल्या कप्प्यात घातलं.

बाहेर आल्यावर मी विचारलं, हे काय? तर कळलं असं, की तुमच्या भगिनी आणि शिवणकामाच्या वर्गातल्या तिच्या तीन मैत्रिणी दर दुसऱ्या गुरुवारी क्रमांक तीनमध्ये सूप पितात. दीड वर्ष! भाव कधी वाढले, सेवा आकार कधी सुरू झाला, आम्लेटातलं तिसरं अंडं कोणत्या महिन्यात गेलं, तिला सगळं तोंडपाठ. मी म्हटलं, मग मला सांगितलं का नाहीस? रस्त्याच्या मधोमध थांबून ती म्हणाली, “तुम्ही विचारलंत कधी? तुम्ही सांगत होतात.”

सोमवारी बिल्ला घरी ठेवून उरलेल्या चारही हॉटेलांतून फिरलो. एक, दोन आणि चार इथं तोच खेळ. एकाकडे पाटी उलटी करण्याची सोय, एकाकडे वर चिकटवलेला कागद, तिसऱ्यानं तर माझ्यासाठी वेगळ्या आकाराच्या प्लेटा आणून ठेवलेल्या. पण खरी चपराक बसली ती क्रमांक पाचवर. ती एकटी बाई चालवते. दोन बाकं, एक शेगडी, आणि भाव भिंतीवर रंगवलेले. आम्लेट चाळीस. सोमवारीही चाळीस! मला वाटलं, चला, जगात एक तरी प्रामाणिक आकडा शिल्लक आहे. मी तसं तिला म्हणालो. ती हातातलं उलथनं तसंच धरून म्हणाली, “भाऊ, भिंत दर महिन्याला दोनदा कुठून रंगवू? चाळीसला मला अंडी न् गॅसच पुरत नाहीत. तुम्ही कधी हो म्हणताय याचीच वाट बघत होते. म्हटलं, तुम्ही हो म्हणालात की वाढवीन. नाहीतर महिनाअखेर बंदच करायचं ठरवलंय.” चौदा महिने ती माझ्या परवानगीची वाट बघत होती, दादा! मी कोण परवानगी देणारा? मी तिथं उभ्या उभ्या ओरडलो, की बाई, मी कोणी नाही! मी कोणीही नाही! (असं वाक्य माझ्या तोंडून कधी बाहेर पडेल असं वाटलं नव्हतं. बाकावरच्या दोन गिऱ्हाइकांनी ते ऐकलं, त्याला इलाज नाही.) मग मी स्वतः समोरच्या दुकानातून खडू आणून चाळीसवर काट मारली आणि तिला म्हटलं, हवा तो आकडा लिही. तिनं भीत भीत पंचावन्न लिहिलं, आणि पुन्हा माझ्याकडे पाहिलं.

मंगळवारी, नोंदीचा दिवस असूनही, थेट पर्यवेक्षकाच्या खोलीत गेलो आणि सगळं कबूल केलं. मला वाटलं, हादरेल. तो खुर्ची मागेपुढे झुलवत म्हणाला, “काका, शांत व्हा. एकदम एकोणऐंशी टक्के दाखवलेत तर वरून चौकशी येईल. तुम्ही दर महिन्याला दोन-दोन, तीन-तीन टक्के वाढवत न्या. दोन वर्षांत आपोआप जुळेल. कोणाला कळणारही नाही. दहा तारखेला तुमच्या नेमणुकीची बैठक आहे, उगाच कशाला?” दादा, मी आयुष्यात वजनाच्या बुडात शिसं भरणारे पाहिले, पारड्याखाली मेण लावणारे पाहिले, आणि त्यांना दुकानातून हाकलून दिलं. आता या पोरानं मला, मला, हप्त्याहप्त्यानं शिसं काढायला सांगावं? आणि दोन वर्षं तो बसचालक जिन्यात बसून काय खाईल? माझी रेघ? मी म्हटलं, जुने आकडे दुरुस्त करायचा अर्ज द्या. तो म्हणाला, “देतो. पण नियम माहीत आहे ना? प्रत्येक महिन्याचा तारखेसह छापील पुरावा लागतो, निदान एका हॉटेलचा तरी. चौदा महिन्यांची बिलं आहेत का तुमच्याकडे?” आणि हसला. अर्ज मात्र दिला. मुदत दहा तारीख, म्हणजे येता सोमवार. दुरुस्ती दिली तर नेमणूक जवळपास गेलीच समजा; पण नेमणूक गेली तर चालेल, माझ्या हातून वाकडा काटा बाहेर गेला असं कोणी म्हणता कामा नये.

असो. फार लांबलं. तुमची प्रकृती सांभाळा, पायऱ्या मोजत चला, आणि बाहेर जेवायला गेलात तर कोणताही वार असो, कार्ड दोन्ही बाजूंनी बघा. वहिनींना नमस्कार. मुलांना आशीर्वाद.

आपला,
(कमरेतून अजून न वाकणारा)
तुमच्या बहिणीचा नवरा

ता. क. पत्राचं मुख्य काम लिहायचं राहिलंच. तुमच्या लक्षात आलं असेल, की चौदा महिन्यांची बिलं या शहरात एकाच ठिकाणी आहेत आणि ते ठिकाण पत्र्याचं आहे. डबा कपाटावर आहे. तिनं एवढंच सांगितलंय, “डबा माझा आहे. हवा असेल तर मागा.” आता मी पंचवीस वर्षांत त्या डब्याबद्दल काय काय बोललो ते तुम्हाला ठाऊक आहे. परवापासून मी स्वयंपाकघरात मोठ्यानं म्हणतो आहे, “कोणाकडे जुनी बिलं असती तर किती बरं झालं असतं!” ती म्हणते, “हो ना.” आणि कणीक मळत राहते. तुम्ही तिचे थोरले भाऊ. तुमचा शब्द ती मोडत नाही. उलट टपाली तिला दोन ओळी लिहा, की डबा देऊन टाक. माझं नाव काढू नका. तुम्हाला सहजच सुचलं असं लिहा.

ता. क. दुसरा. संध्याकाळचे सहा. वरचा मजकूर रद्द समजावा. पाकीट चिकटवण्याआधी हिशेब केला तर पत्र तुमच्याकडे पोचायला तीन दिवस, उत्तर यायला तीन, म्हणजे मुदत टळते. (हे आधी लक्षात यायला हवं होतं. आलं नाही.) शेवटी मी आत गेलो. खुर्चीवर बसलो. उठलो. पुन्हा बसलो आणि विचारलं, “क्रमांक तीनमध्ये सूप पंचेचाळीसला कधीपासून मिळायला लागलं गं?” तिनं चाकू खाली ठेवला. म्हणाली, “हे विचारायला किती दिवस लागले?” मी म्हटलं, चौदा महिने. ती म्हणाली, “पंचवीस वर्षं.” आणि स्टूल घेऊन डबा काढून दिला. (कमरेमुळे मला चढता आलं नाही. मागितला मात्र मीच.) सगळी बिलं महिन्यांप्रमाणे लावलेली, वर दोरा. आणि प्रत्येकाच्या मागे पेन्सिलीनं बारीक अक्षरात तपशील: ‘सूप कोमट. पेला लहान झाला.’ ‘आम्लेट दोन अंड्यांचं. वेटरला विचारलं, हो म्हणाला.’ आमच्या कार्यालयात इतकी चोख नोंद माझ्याखेरीज कोणी करत नाही, आणि हल्ली माझ्याबद्दलही मला खात्री नाही. तेरा महिने भरले. एक महिना नाही. त्या महिन्यात तिला ताप होता आणि सूप मी घरीच करून दिलं होतं. तो रकाना मी कोरा ठेवला. अंदाजानं भरला नाही. अर्ज आत्ताच देऊन आलो. पर्यवेक्षक या वेळी हसला नाही, झुललाही नाही.

ता. क. तिसरा. येताना जिन्यात बसचालक बूट काढत बसला होता. त्याला सांगून टाकलं, की ज्या शहाण्याला तू शोधत होतास तो मीच. त्यानं हातातला बूट खाली ठेवला. मग म्हणाला, “मिस्त्री, मी शब्दाचा पक्का आहे. शनिवारी जेवायला जायचं. बिल तुमच्यापुढे.” मी म्हटलं, कबूल, पण हॉटेल मी सांगेन. क्रमांक पाचवर जाणार आहोत. ती बाई अजून गिऱ्हाइकाकडे बघत आकडा सांगते, ती सवय मोडायला दोन पोटभर जेवणारे हवेत. किती पैसे बरोबर न्यायचे ते तुमच्या बहिणीला विचारलं. तिनं सांगितले तेवढेच घेतले आहेत. पाच टक्के आकस्मिकसुद्धा धरले नाहीत.

ता. क. चौथा आणि शेवटचा. तुमच्याकडे आम्लेट हल्ली केवढ्याला मिळतं? अंदाज कळवू नका. बिल असेलच.